उत्तरं सोमवारीच का?

कळसाडीच्या माय-बापहो,

चाचणीची लिंक वर्गाच्या ग्रुपवर पडली की थोड्याच वेळात फोन सुरू होतात. "मॅडम, पोरानं पेपर सोडवला, पण बरोबर उत्तरं काही दिसत नाहीत. मोबाइल बिघडला का?" कुणी जरा नाराजीनं विचारतं, "आमच्या भाच्याला शहाद्याच्या क्लासात लगेच दिसतात. आपल्याच शाळेत का झाकून ठेवता?" एका ताईंचा प्रश्न तर मनाला लागण्यासारखा होता. पोरगी रात्री झोपताना पुन्हा पुन्हा म्हणते, आई, तो सातवा प्रश्न बरोबर आला असेल का गं? तिला असं टांगणीला का ठेवायचं?

तुमचे प्रश्न रास्त आहेत, म्हणून आज त्यावरच बोलू. उत्तरं तुमच्या मुलांची आहेत, ती त्यांना मिळणार आणि सगळीच्या सगळी मिळणार. फक्त कधी मिळावीत, हे मी ठरवून ठेवते. कारण तेच बरोबर उत्तर वेळेआधी आलं तर चाचणीवर पाणी पडतं, फार उशिरा आलं तर वाया जातं, आणि वेळेवर आलं तर मुलाच्या डोक्यात बसतं.

आधी आपल्या घरातल्या फोनचं बघू. बहुतेक घरांत मोठा फोन एकच. तो बापाच्या खिशातून शेतावर जातो. कापसाची वेचणी असो की पपईची तोड, दिवेलागणीपर्यंत तो काही घरी येत नाही. शेतीची लाइट रात्रीची असली तर फोनही रात्री विहिरीवरच. घरात शिकणारी भावंडं दोन-तीन असली की आधी मोठ्याचा अभ्यास, मग धाकटीची पाळी. त्यात कधी रेंज नाही, कधी रिचार्ज संपलेला. हे सगळं मला माहीत आहे, म्हणूनच चाचणी मी शुक्रवारी संध्याकाळी खुली करते आणि रविवारी रात्री बंद करते. ही सवड ज्याच्या घरी फोन उशिरा येतो त्याच्यासाठी आहे.

आता बघा. ज्याच्या हाती शुक्रवारी सातलाच फोन आहे, त्यानं साडेसातला पेपर संपवला. त्याला तिथंच सगळी बरोबर उत्तरं दिसली, तर आठ वाजता त्याचा स्क्रीनशॉट मित्राकडे जाणार आणि जेवणं होईतो अर्ध्या वर्गाकडे. जिला रविवारी रात्री नऊला फोन मिळणार आहे, त्या मुलीपुढे तोवर दोनच वाटा उरतात. आलेली उत्तरं बघून भरायची, नाहीतर आपल्या डोक्यानं सोडवायचं आणि सगळ्यांच्या मागं राहायचं. प्रामाणिकपणे सोडवणारं मूल शेवटच्या नंबरावर जाईल अशी चाचणी मला घ्यायची नाही. ती मुलगी बहुतेक वेळा ज्या घरात अडचणी जास्त, त्याच घरातली असते. ज्यांचे आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले आहेत आणि जी आजीजवळ राहून शिकतात, तीही यातच आली. म्हणून माझा पहिला नियम असा आहे की शेवटच्या मुलानं पेपर दिल्याशिवाय पहिल्याला उत्तर दिसणार नाही.

हे फोनमध्ये कसं होतं, तेही सांगते. आपण चाचणीला गूगल फॉर्म वापरतो. त्यात शिक्षकाला विचारलेलं असतं की गुण सबमिट केल्याबरोबर दाखवायचे की नंतर, तपासून झाल्यावर. शिवाय चुकलेले प्रश्न दाखवायचे का, बरोबर उत्तरं दाखवायची का, प्रत्येक प्रश्नाचे गुण दाखवायचे का, अशी तीन वेगवेगळी बटणं असतात. म्हणजे सगळं दाखवा किंवा काहीच दाखवू नका, एवढ्यावर ते थांबत नाही. 'नंतर' हा पर्याय घ्यायचा तर मात्र मुलाचा ईमेल लागतो, आणि आपल्या कितीतरी मुलांकडे तो नाही. एका मुलाला एकदाच उत्तर पाठवता यावं असं बंधन घालायचं तरी गूगलच्या खात्यातून लॉगिन करावं लागतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी शिक्षक नाइलाजानं 'लगेच' वर ठेवतात. मग होतं काय? मूल आधी कोरा फॉर्म पाठवतं, 'स्कोअर पहा' दाबतं, सगळी बरोबर उत्तरं वहीत उतरवतं आणि दुसऱ्यांदा तोच फॉर्म भरून पैकीच्या पैकी घेतं. अशा मुलाला मी लबाड म्हणणार नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोरापुढे उत्तर उघडं ठेवायचं आणि त्यानं तिकडे बघू नये अशी अपेक्षा करायची, हे मोठ्यांचंच चुकतं. आपल्या चाचणीत बरोबर उत्तरांचं बटण बंदच असतं. फोनवर ती आपोआप उघडत नाहीत, ती सोमवारी वर्गात उघडतात.

ज्यांची मुलं पुढे शिकायला बाहेर आहेत, त्यांच्या कॉलेजात कदाचित मूडल नावाची व्यवस्था असेल. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी ती बनवली आणि २००२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. त्यात उत्तर दाखवण्याच्या चार वेळा वेगवेगळ्या ठरवता येतात. पेपर सोडवत असताना, सोडवून झाल्या झाल्या, नंतर पण परीक्षा अजून खुली असताना, आणि परीक्षा बंद झाल्यावर. या प्रत्येक वेळी गुण दाखवायचे की नाही, बरोबर उत्तर दाखवायचं की नाही, समजावून सांगणारी टीप दाखवायची की नाही, हेही निरनिराळं ठरवता येतं. उत्तर केव्हा दाखवायचं हा शिक्षकाच्या लहरीचा भाग नाही, जगभरच्या शिक्षकांना पडणारा प्रश्न आहे, एवढंच यावरून मला सांगायचं आहे.

मोठ्या परीक्षांत तर हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे. २०२३ ची तलाठी भरती आठवा. १७ ऑगस्टपासून १४ सप्टेंबरपर्यंत वेगवेगळ्या सत्रांत संगणकावर परीक्षा चालली होती, दहा लाखांवर अर्ज होते. पहिल्या दिवशी पेपर देऊन आलेल्या पोरालाही उत्तरांसाठी शेवटचं सत्र संपेपर्यंत थांबावं लागलं. लोकसेवा आयोग आधी प्रथम उत्तरतालिका लावतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम उत्तरतालिका काढतो. पुण्याची राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षेच्या वेळी तेच करते, आधी अंतरिम उत्तरसूची आणि नंतर अंतिम. इंजिनिअरिंगच्या जेईई मेन परीक्षेत एखादं उत्तर पटलं नाही तर एका प्रश्नाला २०० रुपये भरून हरकत घेता येते. तिथं आपण थांबतो आणि थांबणं योग्यही मानतो. पाचवीच्या पोराच्या चाचणीत मात्र आपल्याला दम धरवत नाही.

उत्तर वेळेआधी बाहेर आलं की काय होतं, त्याचं उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यभरच्या शाळांत संकलित मूल्यमापन चाचणी होती. तिच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरं परीक्षेआधीच यूट्यूबवर दिसू लागली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्या चाचणीवर कुणाचं पास-नापास ठरत नव्हतं. वाचताना मूल कुठं अडतं, गणितात काय राहून गेलं, एवढंच त्यातून शिक्षकाला कळायचं होतं. उत्तरं पाठ करून आलेल्या मुलाच्या पेपरात यातलं काही दिसत नाही. तो पेपर सांगतो की मुलाला सगळं येतं. मग शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतो आणि राहिलेलं राहूनच जातं. नुकसान त्या मुलाचंच होतं, आणि ते कळायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणून एक कळकळीची विनंती. "उद्याच्या चाचणीची उत्तरं" असा व्हिडिओ किंवा फॉरवर्ड तुमच्या फोनवर आला तर मुलाला दाखवू नका आणि पुढेही पाठवू नका. ज्यानं तो बनवला त्याला व्ह्यूज हवे असतात, तुमच्या मुलाचं शिक्षण त्याच्या हिशोबात नसतं.

सोमवारपर्यंत थांबण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते माझ्या बाजूचं आहे. शिक्षकानं काढलेली उत्तरंही तपासून घ्यावी लागतात. २०२४ च्या नीट परीक्षेत भौतिकशास्त्राचा अणूंबद्दलचा एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक पर्याय बरोबर ठरत होता, नव्या पुस्तकाप्रमाणे दुसरा. आधी दोन्ही पर्यायांना गुण दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, जुलै महिन्यात न्यायालयानं दिल्लीच्या आयआयटीतल्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं आणि शेवटी एकच पर्याय बरोबर ठरला. चार लाखांवर मुलांनी दुसरा पर्याय निवडला होता, त्यांचे गुण कमी झाले. देशातल्या एवढ्या मोठ्या परीक्षेत असं होऊ शकतं, तर शाळेतल्या वीस प्रश्नांत एखादा प्रश्न दुहेरी अर्थाचा निघणं काही अवघड नाही. सगळ्यांची उत्तरं आली की मी आधी तेच बघते. एका प्रश्नाला अर्ध्या वर्गानं एकच चुकीचा पर्याय निवडलेला दिसला, तर मुलं चुकली असं मी लगेच समजत नाही. प्रश्न नीट विचारला गेला होता का, मी तो भाग नीट शिकवला होता का, हे आधी तपासते.

आपल्या वर्गात हे फार जपावं लागतं. कुणाच्या घरी पावरी बोलतात, कुणाच्या घरी भिलोरी, कुणाकडे गुजरी, कुणाकडे अहिराणी. शाळेची मराठी त्यांची दुसरी भाषा आहे. गणितात "उर्वरित रक्कम किती?" असं विचारलं की बाजारात आजीबरोबर पैशांचा चोख हिशोब करणारं मूलही थबकतं, कारण उर्वरित हा शब्द त्याच्या घरात कुणी बोलतच नाही. त्याला वजाबाकी येते, प्रश्न कळलेला नसतो. फोननं त्याला तिथल्या तिथं लाल फुली दाखवली तर ते मूल मनाशी धरतं की मला गणित येत नाही. त्या फुलीच्या आधी माझी नजर तिथं पोचली तर मी सोमवारी तोच प्रश्न त्याच्या घरच्या बोलीत विचारते. ते पटकन उत्तर देतं आणि त्याला कळतं की आपलं गणित पक्कं आहे, एक शब्द तेवढा शिकायचा राहिला होता. फोनला ही पारख नाही. म्हणूनच बरोबर-चूक सांगण्याचं काम मी पूर्णपणे त्याच्यावर सोपवत नाही.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येते. पोरगी सातव्या प्रश्नाचा विचार करत झोपते. ताई, मला त्यात वाईट काही दिसत नाही. ती घाबरत असेल, रडत असेल, तर मला लगेच सांगा, तिच्याशी मी बोलेन. पण ती जर नुसती विचार करत असेल, तर ते शिकणंच चाललेलं आहे. उत्तर समोर नसतं तेव्हा मूल प्रश्न मनात घोळवतं. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून बघतं, मैत्रिणीला विचारतं, दोघी वाद घालतात. फोनवर लगेच उत्तर दिसलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. "हां, क होतं होय" म्हणून ती खेळायला पळाली असती.

यावर जगात पुष्कळ अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे आठवायला लागणारा ताण हाच लक्षात राहण्याला कारण होतो. त्याआधी १९७२ मध्ये कुल्हावी आणि अँडरसन यांनी एक वेगळी गोष्ट मांडली होती. मुलानं चुकीचं उत्तर नुकतंच दिलेलं असतं तेव्हा ती चूक मनात ताजी असते. त्याच क्षणी बरोबर उत्तर आलं तर दोन्ही एकमेकांत गुंततात. थोडा वेळ गेला की चूक पुसट होते आणि बरोबर उत्तर नीट बसतं. २००९ मध्ये जॅनेट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीच्या मुलांना नवे शब्द शिकवताना हे पाहिलं, तेव्हाही उत्तर उशिरा मिळालेल्या मुलांना ते शब्द जास्त लक्षात राहिले.

पण सगळे अभ्यास एकाच बाजूनं बोलत नाहीत, हेही तुम्हाला सांगायला हवं. जेम्स कुलिक आणि चेन-लिन कुलिक यांनी १९८८ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले. प्रत्यक्ष वर्गातल्या चाचण्यांमध्ये लगेच मिळालेलं उत्तरच बहुधा जास्त उपयोगी ठरलं, असं त्यांना आढळलं. मला याचं नवल वाटत नाही. वर्गात उशीर म्हणजे बहुधा आठवडे. पेपर तपासून महिन्यानं हातात पडतो तोवर मूल प्रश्नही विसरलेलं असतं आणि फक्त वरचा आकडा बघून तो दप्तरात कोंबतं. असला उशीर मलाही मान्य नाही. पेरणीला आपण वाफशाची वाट बघतो. पाऊस पडून जमीन चिखल झालेली असताना पाभर घालत नाही आणि ती वाळून कडक होईपर्यंतही थांबत नाही. उत्तर देण्याचा वाफसा माझ्या मते एक ते तीन दिवसांचा असतो. म्हणून रविवारी रात्री चाचणी बंद आणि सोमवारी पहिल्याच तासाला उत्तरं. मंगळवारवर मी ते ढकलत नाही.

आणि हा सगळा नियम फक्त चाचणीला आहे, सरावाला नाही. २०२० च्या अखेरीस शाळा बंद होत्या तेव्हा राज्यात व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम सुरू झाला होता. ज्यांची मुलं तेव्हा लहान होती त्यांना आठवत असेल. दर आठवड्याला भाषा आणि गणिताचे थोडे प्रश्न यायचे, मूल फोनवरच उत्तर द्यायचं आणि आपलं काय बरोबर, काय चुकलं हे त्याला तिथंच कळायचं. तिथं ते तसंच हवं होतं. सरावात कुणाचा नंबर लागत नाही, कुणाशी बरोबरी नसते. पाढे म्हणताना सात आठे चोपन्न म्हटलं तर मूल पुढे जायच्या आतच टोकावं लागतं, नाहीतर चूकच पाठ होते. पहिली-दुसरीच्या लेकरांनाही मी ताटकळत ठेवत नाही, ती शनिवारचं सोमवारी आठवणार नाहीत. सरावाचे जे फॉर्म मी पाठवते त्यात उत्तर लगेच दिसतं, हवं तितक्या वेळा सोडवता येतं. फॉर्मच्या नावातच 'सराव' किंवा 'चाचणी' लिहिलेलं असतं, तेवढं बघत जा म्हणजे गोंधळ होणार नाही.

आपल्याला सगळं तत्काळ मिळायची सवय का लागली, हेही मला कळतं. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्यानंतर बघता बघता रेशन अंगठ्यावर आलं, बँक फोनवर आली, पैसे पाठवले की समोरच्याचा फोन तिथंच वाजतो. मेसेज आला नाही तर आपला जीव वरखाली होतो आणि पैशांच्या बाबतीत तो व्हायलाच हवा. पण मुलाचं शिकणं त्या वेगानं होत नाही. त्याला समजायला जो वेळ लागतो तो फोर-जी आलं म्हणून कमी झालेला नाही.

मग त्या दोन दिवसांत घरात तुम्ही काय करायचं? पुष्कळ जण म्हणतात, "मॅडम, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय अभ्यास घेणार?" यासाठी शिकलेलं असावं लागत नाही. पोरानं पेपर दिला की त्याला एवढंच विचारा, कुठला प्रश्न अडला? आणि मग विचारा, कुठलं उत्तर पक्कं लिहिलंस आणि कुठं तुक्का मारलास? ते सांगेल. त्यानं वहीत प्रश्नाच्या नंबरापुढे पक्कं असेल तिथं बरोबरची खूण करावी, तुक्का असेल तिथं टिंब द्यावं. ही वही सोमवारी शाळेत आणायची. याचा मला फार उपयोग होतो. बटरफिल्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की माणूस ज्या उत्तराबद्दल अगदी खात्रीनं चुकलेला असतो, ती चूक उत्तर कळल्यावर सगळ्यात चांगली सुधारते. आपण एवढे ठाम होतो आणि चुकलो, याचा धक्का बसतो आणि लक्ष जागं होतं. पण त्यासाठी मुलाला आठवायला हवं की आपण ठाम होतो. ती वहीतली खूण ते आठवून देते. आणि जिथं टिंब आहे पण उत्तर बरोबर आलं, तिथं मी थांबते. ते मार्क नशिबाचे असतात, तो भाग पुन्हा शिकवायचा असतो. फोनवर दिसणाऱ्या वीसपैकी सतरामध्ये यातलं काही दिसत नाही.

"किती पडले?" हा प्रश्न मात्र दोन दिवस तरी मागं ठेवा. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा लिहून दिला, काहींना गुण आणि शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. ज्यांना दोन्ही मिळालं ती सुधारायला हवी होती, पण तसं झालं नाही. आकडा दिसला की मुलाचं डोकं आकड्यातच अडकतं, शेरा कुणी वाचत नाही. माझा अनुभवही असाच आहे. म्हणून सोमवारी मी आधी प्रश्न आणि उत्तरं घेते, मुलांना आपली चूक स्वतःच्या हातानं दुरुस्त करायला लावते आणि गुण शाळा सुटताना सांगते. तेही ज्याचे त्याला. ग्रुपवर सगळ्या वर्गाची यादी टाकावी अशी मागणी काही पालकांनी केली होती, ती मी मानणार नाही. सगळ्यात खाली ज्याचं नाव येईल ते मूल आणि त्याची आई दोघं ती यादी वाचतात. तुमच्या मुलाचे गुण तुम्हाला हवे तेव्हा विचारा, मी लगेच सांगेन. दुसऱ्याच्या मुलाचे विचारू नका.

उत्तरं समजल्यावर घरी एक काम राहतं. मंगळवारी-बुधवारी कधीतरी, जेवताना, पोराला सांगा की तुझा चुकलेला एक प्रश्न मला समजावून सांग. तुम्हाला काही कळलं नाही तरी चालेल. आजीला समजावताना त्याला पावरीत, गुजरीत, जे घरात बोलता त्यात सांगावं लागेल, आणि ज्याला दुसऱ्याला सांगता आलं त्याला ते आलं. मधेच ते अडखळलं, "असंच असतं" म्हणालं, तर त्याला ओरडू नका. दुसऱ्या दिवशी मला विचारायला सांगा.

मोठी भावंडं, काका, क्लासवाले यांनाही एक सांगणं आहे. मूल चाचणी सोडवत असताना शेजारी बसून उत्तर सांगणं ही मदत नाही. प्रश्न वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, अवघड शब्दाचा अर्थ सांगा, फोन धरायला मदत करा. पर्याय मात्र त्याचा त्यालाच निवडू द्या. चुकू द्या. घरात चुकलेलं मला शाळेत दिसतं आणि ते दुरुस्त करायला माझ्याकडे अख्खं वर्ष आहे. घरातून बरोबर होऊन आलेली चूक मला कधीच दिसत नाही.

पुढची चाचणी या शुक्रवारी संध्याकाळी सहाला खुली होईल, गणित आणि परिसर अभ्यासाची. पर्यायांचा क्रम प्रत्येकाच्या फोनवर वेगळा येईल, त्यामुळे "एकचं ब, दोनचं क" असा कुणाचा मेसेज आला तर तो कामाचा नसेल. रविवारी रात्री दहाला ती बंद होईल. ज्यांच्या घरी या तीन दिवसांत फोन नसणार आहे, जे कामाला बाहेरगावी जाणार आहेत, ज्यांचा रिचार्ज संपलेला आहे, त्यांनी गुरुवारपर्यंत मला सांगून ठेवा. कारण विचारणार नाही. तेच प्रश्न मी कागदावर छापून देईन, मूल ते घरी सोडवेल आणि सोमवारी प्रार्थनेच्या आधी माझ्या टेबलावर ठेवेल. त्यानंतरच फळ्यावर पहिलं उत्तर लिहिलं जाईल.